मोठा जवाई, लहान गाडी

मारोतरावांनी यंदा धान चुरायची जुनी मशीन विकून मोठी आणली, आणि त्यांच्या मोठ्या जवयाची पोटदुखी तिथून सुरू झाली.

मशीन तशी गुणाची होती. पेंढ्या घातल्या की एका अंगाने धान पडायचं आणि दुसऱ्या अंगाने तणस उडायचं. डिझेल इंजिन तिच्याच सांगाड्यावर बसवलेलं, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरायचं कारण नाही. या खळ्यावरून त्या खळ्यावर ओढून न्यायला तेवढी एक गाडी लागायची. सिहोऱ्याच्या शिवारात ती गाडी म्हणजे धर्मेंद्रची पिकअप. हे कधी कोणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. मारोतरावांना मुलगा नाही, मुली दोन. थोरली साधना तुमसरजवळ धर्मेंद्रला दिलेली, धाकटी रीता पवनीकडे कोंढ्याला खुशालला. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली की धर्मेंद्र पिकअप घेऊन सासऱ्याकडे यायचा, मशीन मागे अडकवायचा आणि हंगाम संपेपर्यंत शिवारभर फिरायचा. लोक म्हणायचे, "मारोतरावची मशीन आली." धर्मेंद्रच्या कानांना ऐकू यायचं, मारोतरावचा जवाई आला.

नवी मशीन पहिल्यांदा अडकवली तेव्हा पिकअपचं बूड असं खाली बसलं की मागचा पत्रा चाकाला घासायला लागला. पुढची चाकं हलकी झाली. स्टिअरिंग फिरवावं तर गाडीला त्याचं काहीच वाटेना. मारोतराव बाजूला उभे राहून दाढी खाजवत होते. ते इतकंच म्हणाले, "मोठी गाडी लागल बहुतेक."

मोठी गाडी घेणं धर्मेंद्रच्या आवाक्यात नव्हतं आणि ते त्याला कबूलही करायचं नव्हतं. म्हणून तो तत्त्वाचं बोलायला लागला. लोक उगाच मोठ्या गाड्या घेतात, शेतातल्या वाटा तर तेवढ्याच आहेत. त्याने पिकअप तुमसरला संघपालच्या दुकानात नेली. संघपालने मागच्या कमानींत पट्टे वाढवले, जाड लोखंडी पाटी डागून तिच्यावर नवा हुक बसवला, मागचे टायर जाड घातले. गाडीचं बूड उंटासारखं वर आलं.

"आता बसनार नाही," संघपाल हात पुसत म्हणाला. "ओढल बी. पन उतारावर मशीन मागून ढकलन, तवा ब्रेक जुनेच हायेत, हे ध्यानात ठेवजो."

"मले शिकवून राहिला का बे?" धर्मेंद्र हसत म्हणाला. आणि त्याच आठवड्यात रीताचा साधनेला फोन आला की खुशालने जुनी गाडी देऊन सहा चाकांची मोठी घेतली.

साधना चुलीपुढे बसून हे सांगत होती आणि तिचा चेहरा बहिणीच्या आनंदाने फुलला होता. धर्मेंद्रने ताटातला भात संपवला, हात धुतला आणि बाहेर जाऊन पिकअपच्या नव्या पट्ट्यांना उगाच ग्रीस लावत बसला.

मंडईला दोघे जवाई आले. धर्मेंद्र आधी पोचला होता. त्याने पिकअप मुद्दाम अंगणात आडवी लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला नवा हुक दिसावा अशी. दोनचार जणांनी वाकून पाहिलाही. मग खुशालची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. पांढरी, मागे जोडचाकं, काचेवर रीताने लावलेली झेंडूची माळ. गल्लीत शिरेना, म्हणून बाहेरच उभी राहिली. पोरं तिकडे पळाली, मागून पोरांना हाकलायला गेलेले बापे तिथेच थांबले, आणि पिकअपचा हुक पाहायला कोणी उरलं नाही.

खुशाल उतरला आणि सरळ येऊन धर्मेंद्रच्या पाया पडला. साडभाऊ असला तरी वयाने लहान, आणि रीत त्याच्या अंगातच होती. धर्मेंद्रला तो खोटा वागला असता तर बरं वाटलं असतं.

"भाऊ, पट्टे वाढवले का जी? मस्त काम केलं," खुशाल खाली वाकून म्हणाला. "मी बी तेच करनार होतो. मंग बँकवाला पाठीच लागला."

"हो ना," धर्मेंद्र म्हणाला. "ज्याले चालवता येते त्याले मोठी कायले पायजे."

खुशाल हसला. त्याला ते लागलंच नाही.

संध्याकाळी मटण शिजलं. या घरात कलेजी नेहमी मोठ्या जवयाच्या ताटात पडायची. सासूबाई शकुनबाई वाढायला निघाल्या, धर्मेंद्रच्या ताटात रस्सा आणि फोडी वाढल्या, आणि वाटी घेऊन खुशालपुढे गेल्या. "पवनीहून गाडी चालवत आले, दमले असतील," त्या म्हणाल्या. कलेजी तिकडे पडली. एवढंसं ते काय, पण धर्मेंद्रची नजर त्या वाटीवरून हलेना. आपण एका कलेजीसाठी झुरतो आहोत हे त्याला कळत होतं, आणि कळूनही फरक पडत नव्हता. मारोतराव खुशालला विचारत होते, किती टन ओढते, घाटात कशी चालते. खुशाल सांगत होता आणि मधून मधून "भाऊले विचारा, त्यायले जास्त समजते" असं म्हणत धर्मेंद्रकडे वळत होता. त्यामुळे तर त्याला अधिकच चिडल्यासारखं झालं.

मशीन कोणाच्या गाडीला लागणार हे मात्र कोणी बोललं नाही. धर्मेंद्रने ते आपल्यापुरतं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी लोक मंडईच्या आवराआवरीत असताना त्याने पट्ट्यांचा कस पाहायला पिकअपमध्ये मागच्या सालच्या धानाची पोती भरली आणि तलावाच्या पाळीवरून शेतांकडे जाणाऱ्या पांदणीला लागला. पहिलं खळं पांदणीच्या टोकाला होतं. पट्ट्यांनी दगा दिला नाही. पोत्यांच्या वजनाने बूड जरासं बसलं आणि तिथेच घट्ट राहिलं. धर्मेंद्र मनातल्या मनात मांडे खात होता. सासरे कौतुक करताहेत, खुशाल मान खाली घालून उभा आहे, असे.

पाळ उतरल्यावर नाल्यावर मोरी आहे, मातीमुरमाचा जुना लहानसा पूल. तिथे पिकअपचं डावं चाक कच्चकन खाली गेलं आणि वर आलं. तो उतरून वाकला. मोरीचं डावं अंग आतून खचलं होतं. वरचा मुरूम जागेवर होता, पण खाली पाण्याने माती नेली होती. पायाने दाबलं तर भुसभुशीत. उजवं अंग मात्र टणक. पिकअप कडेकडेने निघाली असती. जोडचाकांची गाडी निघाली नसती.

जेवताना त्याने साधनेला सांगितलं, "नाल्यावरची मोरी डाव्या अंगानं बसली हाय. उजव्या कडेनं घ्या लागल मशीन."

"बाबाले सांगा न मंग."

"सांगतो. मीच तं ओढनार हाय."

सकाळी आभाळ भरून आलं होतं. कापलेलं धान सगळ्यांच्या बांध्यांत पुंजणे घालून ठेवलेलं, म्हणजे रचून. वरून पाऊस आला की आतून कोंब फुटायला वेळ लागत नाही. मारोतरावांची नजर सारखी वर जात होती. मशीनला हळदकुंकू झालं, शकुनबाईंनी नारळ फोडला. धर्मेंद्र पिकअप मागे घेऊन हुक जुळवायला आला, तर मारोतरावांनी हात वर केला.

"जवाईबापू, राहू द्या. मशीन खुशालच्या गाडीले लावू. पानी येऊन राहिलं, आज उलीसा बी उशीर नको. तुमी मोठे जवाई, तुमी पुढं राहा. डिझेल, बेल्ट, पान्हे तुमच्या गाडीत घ्या. रस्ता दाखवा."

ते मानानेच म्हणाले होते. बैलगाड्यांच्या काळापासून इथे ही रीत आहे: रांगेत पुढे जाणारा घरातला मोठा असतो, आणि वाट खराब लागली की तो थांबून हात बाहेर काढतो, कोणत्या अंगाने यायचं ते दाखवतो. मागचे डोळे झाकून त्याच्या मागे येतात. पण धर्मेंद्रला त्या बोलण्यात मान दिसला नाही. त्याला फक्त डिझेलचे डबे दिसले. आठदहा माणसं उभी होती. त्यांच्यासमोर त्याने आपला नवा हुक रिकामा घेऊन पिकअप पुढे काढली. कोणी तरी म्हणालं, "एवढे पट्टे डब्यांसाठीच वाढवले का बा?" दोघेतिघे हसले.

साधना पिकअपपाशी आली. त्याने शेजारचं दार उघडून ठेवलं होतं. तेवढ्यात मोठ्या गाडीतून रीताची हाक आली, "ताई, इकडं ये न, इथं तिघं बसतो मोकळे." साधना थबकली.

"जाऊ का जी?" तिने विचारलं.

"जा न. तिकडं मोकळं हाय," तो म्हणाला. तिने त्यातला टोमणा ओळखला असावा, पण बहिणीचा हात धरून ती वर चढली. मशीनच्या डोक्यावर गुलाब बसला. मशीनमध्ये पेंढ्या घालणारा तो गावातला सगळ्यांत पट्टीचा माणूस. हंगामभर त्याच्या हातांवर मशीन चालायची.

धर्मेंद्र पुढे, मागे खुशाल, त्यामागे डुलणारी मशीन, आणि शेवटी पायी माणसं. पाळीवर चढताना त्याने आरशात पाहिलं. मोठी गाडी जराही न कण्हता चढत होती. काचेमागे तिघं दिसत होती. खुशाल काही बोलत होता आणि साधना तोंडाला पदर लावून हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पिकअपमध्ये ती अशी कधी हसल्याचं त्याला आठवेना. खरं तर हसली असेल, पण तेव्हा त्याने पाहिलं नसेल.

पाळ उतरली. मोरी आली.

त्याने पिकअप उजव्या कडेला घेतली. अगदी कडेला, बाभळीच्या फांद्या काचेवर घासत गेल्या. गाडी निघाली. आता थांबायचं, हात बाहेर काढायचा आणि मागच्या गाडीला थोपवायचं, एवढंच काम होतं. हात खिडकीच्या दांडीवर होता. आरशात साधना अजून हसत होती. त्याच्या मनात आलं, मोठी गाडी आहे ना, जाईल. मग मनात आलं, नाहीच गेली तर पाहू दे लोकांना. मग आणखी एक विचार आला, की कडेने गेलो ते खुशालला दिसलंच असेल, त्याला डोळे नाहीत का. एवढे तीन विचार येईपर्यंत पिकअप पुढे सरकली होती आणि हात दांडीवरच होता.

मागे आधी फक्त मुरूम घसरल्याचा आवाज आला. मग रीताची किंकाळी.

तो उतरून धावला तेव्हा खुशालच्या गाडीची मागची डावी जोडचाकं मोरीच्या पोटात उतरली होती आणि गाडी तिरकी होऊन अडकली होती. मशीन हुकावर पिळवटून कलली आणि नाल्यात उलथली होती. गुलाबने उडी मारली, पण ती उजव्या हातावर. तो चिखलात बसून होता आणि आपला हात दुसऱ्या हाताने उचलून पाहत होता. कोपराखाली तो नको तिथे वळला होता. ओरडत नव्हता. "मारोतराव, मशीन पाहा," एवढंच म्हणत होता.

साधना दार धरून उतरली. कपाळाला समोरची दांडी लागून खोक पडली होती. धर्मेंद्र तिच्याकडे गेला, तर ती त्याच्या अंगावरून पुढे जाऊन गुलाबजवळ बसली आणि पदर फाडून त्याचा हात बांधायला लागली.

पायी येणारे पोचले. जो तो खुशालवर तुटून पडला. गाडी मोठी पाहिजे, अक्कल लहान असली तरी चालते. कोंढ्याच्या माणसाला इथली वाट काय ठाऊक. खुशाल पांढराफटक पडला होता. "माझीच चूक हाय जी," तो म्हणत राहिला. "गाडी रुंद हाय, मले समजाले पायजे होतं."

मारोतराव धर्मेंद्रजवळ आले. "तुमी पुढं होते. तुमाले दिसलं नाही?"

"नाही जी," धर्मेंद्र म्हणाला. "माझी तं निघाली."

गुलाबचा हात बांधून होताच एका मोटारसायकलवर मधे बसवून त्याला सिहोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मग माणसांनी दोर लावून मशीन सरळ केली. ड्रमचा पत्रा आत गेला होता, चाळणीचा दांडा वाकला होता, पण चाकं फिरत होती. आता तिला नाल्यातून वर काढून घरी न्यायची होती, आणि त्या वाटेवर मोकळी गाडी एकच होती. धर्मेंद्रने लांबच्या वळशाने पिकअप नाल्याच्या गावाकडच्या काठाला आणली, हुक अडकवला, पहिला गिअर टाकला. पट्टे चरचरले. टायरांनी माती फेकली, मग धरली. मशीन ओलीचिंब होऊन वर आली. "वा रे वा," कोणी तरी म्हणालं. "पट्टे कामी आले बा." सकाळी हसलेल्यांतलाच तो आवाज होता. धर्मेंद्रला त्या घडीला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. नाल्याकाठच्या चिखलात गुलाब बसला होता त्या जागेवरून त्याने गाडी काढली आणि तरीही त्याला आनंद झाला.

दुपारी पाऊस आला. फार नाही, पण पुंजण्यांची वरची पेंढी भिजेल एवढा. अंगणात मांडवाखाली मशीन उभी होती आणि सगळे तिच्याभोवती बसले होते. दवाखान्यातून निरोप आला होता, की हाड दोन ठिकाणी मोडलंय आणि हा हंगाम गुलाबने मशीनजवळ यायचं नाही. शकुनबाई त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या. रीता एका कोपऱ्यात रडून रडून थकली होती. खुशालने पांदणीत अडकलेली गाडी तशीच सोडली होती. तो मशीनचा वाकलेला दांडा हातोडीने सरळ करू पाहत होता.

शकुनबाईंनी चहा आणला. पहिला कप धर्मेंद्रपुढे ठेवला.

"आता मशीन तुमच्याच गाडीले लागल," मारोतराव म्हणाले. आवाजात काही जोर नव्हता. "दुरुस्त झाली की. खुशालची गाडी मोरीतून निघन तवा धान घेऊन तुमसरले जाइल. शिवारात तुमीच."

धर्मेंद्रने मान हलवली. ज्यासाठी त्याने पट्टे वाढवले, कलेजीसाठी जीव जाळला, ते त्याला मिळालं होतं. कप हातात गरम लागत होता.

"एक सांगू का?" मारोतराव मशीनकडे पाहत पुढे म्हणाले. "मोरी बसली हाय म्हून कोनी एका शब्दानं सांगतलं असतं, तं मी मशीन खुशालच्या गाडीले न लावता सकाळीच तुमच्या गाडीले लावली असती. त्या मोरीवरून लहान गाडीच जाते. पन कोनाले मालूमच नव्हतं."

पावसाचे थेंब मांडवावर वाजत होते. धर्मेंद्रने कप तसाच खाली ठेवला.

"यायले मालूम होतं," साधना नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

ती दाराच्या चौकटीत उभी होती. कपाळावर हळद भरलेली, एक डोळा सुजून आलेला. ती चिडून बोलली नाही. भात शिजला आहे असं सांगावं तशी बोलली. "काल जेवताना यायनंच मले सांगतलं. मी तुमाले सांगाले पायजे होतं बाबा, मी बी चुकली. मले वाटलं हे सांगतील. गाडीत बसून मी यायच्या हाताची वाट पाहून राहिली होती. आता निघन, आता निघन. हात दिसून राहिला होता मले, खिडकीवर."

मारोतरावांनी धर्मेंद्रकडे पाहिलं नाही, ते आपल्या पायांकडे पाहायला लागले. धर्मेंद्र काही तरी म्हणणार होता. विसरलो, म्हणणार होता. तोंड उघडलं, तर खुशालच आधी बोलला.

"नाही ताई," हातोडी खाली ठेवून तो म्हणाला. "असं नोका म्हनू. तुमी बसल्या होत्या न माझ्या गाडीत. भाऊले मालूम असतं, तं तुमी आत असताना ते हात दाखवल्याबिगर राहिले असते काय? तुमाले लागलं, त्याच्यानं तुमी असं बोलून राहिल्या."

तो मनापासून बोलत होता. त्याने धर्मेंद्रकडे वळून पाहिलं, मोठ्या भावाकडे पाहावं तसं, आणि त्याच्या डोळ्यांत शंकेचा लवलेशही नव्हता. आपल्यावर सकाळपासून आलेला सगळा दोष अंगावर घेऊन, हात ग्रीसने काळे करून, हा माणूस अजून आपली बाजू घेतो आहे. त्याला आज रात्री झोप लागेल.

साधना खुशालकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात जे होतं ते धर्मेंद्रच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

भरल्या अंगणात, सगळ्यांसमोर उघडा पडून बसलेला असतानाही, धर्मेंद्रला खुशालचा हेवाच वाटला.